उलट आलेली वीज

कमळाकर गोवारी वायरीला हात लावण्याआधी तीन वेळा खात्री करायचा. आधी मेन स्विच खाली. मग चिनी मातीचा फ्यूज, ज्याला तो कटाऊट म्हणायचा, काढून शर्टाच्या वरच्या खिशात. मग टेस्टर. न्हावा शेव्याकडच्या एका कंटेनर गोदामात तो बावीस वर्षं इलेक्ट्रिशियन होता. तिथे त्याच्या या सवयीची टिंगल व्हायची. ‘गोवारी बायकोला हात लावायच्या आधीपण टेस्टर लावतो,’ असं क्रेनवाले म्हणायचे. तो हसायचा. बावीस वर्षांत त्याच्या पाळीत कुणाला साधा झटका बसला नव्हता.

कामोठ्याच्या जुन्या गावात त्याचं घर. गावाच्या कडेकडेने नव्या शहराचे सेक्टर उभे राहिले, तरी गल्ली होती तशीच राहिली. घर मुळात वडिलांचं, एकच. वडील गेल्यावर थोरला काशिराम आणि कमळाकर यांनी मधोमध भिंत घातली. दोन चुली झाल्या, दोन मीटर आले. देवखोली मात्र वाटली नाही. ती भिंतीच्या टोकाला राहिली, दोन्हीकडून दार असलेली. सकाळची पूजा काशिराम करी. संध्याकाळचा दिवा कमळाकरची बायको सुनीता लावी.

देवखोलीतला बल्ब कुणाच्या मीटरवर जळणार, यावरून सुनीता आणि काशिरामची बायको चंद्रावती यांच्यात एक पावसाळाभर अबोला होता. तेव्हा कमळाकरने तिथे एक दुहेरी स्विच बसवला. एकीकडे दाबला की दादाच्या घरातली वीज. दुसरीकडे दाबला की आपल्या घरातली. महिना हा, महिना तो. अबोला मिटला. पंधरा वर्षं तो स्विच तसाच चालला.

गाडी आली २००९ साली. दोन दारांची, बॅटरीवर चालणारी, खेळण्यासारखी. एका बिल्डरने ती गिऱ्हाइकांना प्लॉट दाखवायला घेतली होती. बॅटऱ्या बसल्या आणि गाडी साइटवर कोंबड्यांना निजायला राहिली. कमळाकरने ती दोरीने ओढत आणली. गोदामात माल उचलणाऱ्या गाड्या बॅटरीवरच चालायच्या. त्यांना पाणी घालणं, त्यांचं ॲसिड तपासणं, कुठली बॅटरी मेली आणि कुठली नुसती रुसली हे ओळखणं, हेच त्याचं काम. गोदामाने भंगारात काढलेल्या छोट्या बॅटऱ्यांतून त्याने चांगल्या निवडून घेतल्या. तीन महिन्यांनी गाडी गल्लीतून निघाली. आवाज नाही, धूर नाही. पोरांनी तिचं नाव ‘डबी’ ठेवलं.

गाडी चालते याचं लोकांना कौतुक होतं. कमळाकरला तिच्या उभं राहण्याचं कौतुक होतं.

‘दिवसातले बावीस तास उभी असते, दादा,’ तो काशिरामला सांगायचा. दोघे भाऊ संध्याकाळी ओट्यावर बसायचे. ‘पोटात वीज भरून नुसती उभी. रातचे विजेला गिऱ्हाईक नसतं, तवा भरून घ्यायची. दुपारी कमी पडली का वायरीला परत द्यायची. शेजारनीकडून पीठ उसनं घेतो ना, तसं.’

‘गाडीनं वीज परत देयाची?’ काशिराम तंबाखू मळता मळता म्हणायचा. ‘उद्या सांगशील, म्हैस दूध पेते.’

‘एका गाडीनं काय नाय व्हनार. पन गल्लीत दहा असल्या ना, तर आपल्याला लोडशेडिंग नाय.’

‘दहा? ही एक ठेवायला माझी बैलगाडीची जागा घेतलीस.’

कमळाकरने वीज कंपनीच्या कार्यालयात दोनदा अर्ज दिला. आकृती काढून दिली. पहिल्या अर्जाची पोच मिळाली. दुसऱ्याची तीही नाही.

एक माणूस मात्र ऐकायचा. गुरुदत्त. तो शेजारच्या ओवे गावचा, कंत्राटी लाइनमन, अठ्ठावीस वर्षांचा. गल्लीत कामाला आला की ओट्यावर चहा ठरलेला. तो गाडीचं झाकण उघडायला लावायचा. किती व्होल्ट, किती तास, इन्व्हर्टर कुठला, सगळं विचारायचा. ‘काका, तुमी कंपनीत सायेब व्हा,’ तो म्हणायचा. ‘आमचं खांबावर चढनं तरी वाचंल. डबीच सगलं बघंल.’ वर्षापूर्वी त्याचं लग्न झालं तेव्हा नवरानवरीला ओव्याच्या देवळात डबीतूनच नेलं होतं. वरातीतल्या बेंजोपेक्षा लोक गाडीलाच बघत होते.

सुनीता सेक्टरातल्या बायकांना मासळी विकायची. पहाटे उरणहून आलेली मासळी घरच्या फ्रीजरमध्ये ठेवायची. दुपारी एक ते चार लोडशेडिंग असायचं. पहिल्या वर्षी कमळाकरने गाडीतून एक लांब वायर काढून फ्रीजरला दिली. मग पंख्याला दुसरी. मग घरभर वायरी झाल्या आणि सुनीता त्यांत अडकून पडली. तेव्हा त्याने दोन्ही टोकांना पिना असलेली वायर केली. एक पिन गाडीच्या इन्व्हर्टरमध्ये, दुसरी ओटीवरच्या सॉकेटमध्ये. सगळं घर चालायला लागलं.

ही वायर वाईट. हे त्याला ठाऊक होतं. दुसऱ्याच्या घरात दिसली असती तर त्याने ती तिथेच तोडली असती. पण आपण मेन बंद करतो. कटाऊट खिशात ठेवतो. घरातली वीज घराबाहेर जायला वाटच उरत नाही. सुनीताला त्या वायरीला हात लावायची बंदी होती. ती फक्त त्यानेच लावायची.

२०११ चं नवरात्र आलं. घट बसले.

नऊ दिवस देवखोलीत अंधार होता कामा नये, ही गोवाऱ्यांची रीत. तेलाचा दिवा असतोच. पण गावात वीज आली त्या वर्षी वडिलांनी बल्बही व्रतात घेतला होता. घट बसायच्या सकाळी तो बल्ब मिचमिचायला लागला. दुहेरी स्विच आतून जळला होता. कमळाकर पहिल्या पाळीला निघाला होता. गोदामाची बस नाक्यावर यायची वेळ झाली होती. चंद्रावती परडीत माती भरून उभी होती.

‘भावजी, आटपा. एकदा घट बसला का तुमाला वर चढता नाय येनार.’

हे खरं होतं. घट बसले की देव हलवायचे नाहीत. देवाच्या डोक्यावर पाय येईल असं काही करायचं नाही. नऊ दिवस. कमळाकर स्टुलावर चढला. स्विच काढला. दादाच्या घरातून आलेली वायर आणि आपल्या घरातून आलेली वायर एकत्र पिळली, बल्बला जोडली, वर चिकटपट्टी गुंडाळली. दोन्ही घरं खांबावरच्या एकाच तारेवर. धोका काही नाही. दोन्हींतून वीज आली की बल्ब जळणारच. दसऱ्याला नवा स्विच आणू, असं म्हणून तो उतरला आणि बस धरायला पळाला.

पुढच्या दोन दुपारी तो कामावर होता. सुनीताने फ्रीजरचं बर्फावर भागवलं. तिसऱ्या माळेला त्याची सुट्टी होती.

एकला वीज गेली. गुरुदत्त शिडी घेऊन आला. गल्लीच्या तोंडाशी खांबावरचा जंपर, म्हणजे मोठी तार आणि गल्लीची तार जोडणारा तुकडा, सैल झाला होता. वीज बंद करून घेण्याचा वेगळा परवाना मागायचा तर अर्धा दिवस जातो. लोडशेडिंगमध्ये तार तशीही मेलेली असते. असली बारकी कामं सगळे लाइनमन त्याच वेळात उरकत.

त्याने वर चढून जंपर सोडला. आता गल्लीतली पाच घरं बाकीच्या गावापासून सुटी झाली.

कमळाकर ओटीवर आला. त्याने मेन बंद केला. कटाऊट काढला आणि खांबावरच्या गुरुदत्तला हात उंच करून दाखवला.

‘हा बघ. मेन बंद. कटाऊट खिशात. लावू का गाडी?’

गुरुदत्तचा हात मागच्या खिशातल्या टेस्टरकडे गेला. मग तो हसला.

‘लावा, काका. तुमी हायत म्हनल्यावर टेस्टर कशाला?’

कमळाकरने पिन लावली. इन्व्हर्टर नेहमीपेक्षा जड घुमला. फ्रीजर उचलतोय, असं त्याला वाटलं. त्याच वेळी भिंतीपलीकडे काशिरामचा पंखा फिरला. समोरच्या घरात टीव्ही बोलायला लागला. कुणीतरी पोर ओरडलं, ‘लाइट आली!’

मग खांबाकडून आवाज आला. ओरडण्याचा नव्हता. मोळी टाकावी तसा.

पळण्याआधी कमळाकरने पिन उपटली. का उपटली ते त्याला नंतर कधीच सांगता आलं नाही. गल्लीतली वीज पुन्हा गेली.

गुरुदत्त जिवंत होता. टेम्पोत घालून त्याला पनवेलला नेलं. उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली. कमरेचं हाड मोडलं होतं. डावा पाय हलत नव्हता. डॉक्टर म्हणाले, चालेल कदाचित. खांबावर चढण्याबद्दल त्यांना कुणी विचारलं नाही.

कागदावर सही करायला कमळाकरने पेनासाठी खिशात हात घातला. हाताला कटाऊट लागला. तो थंड आणि गुळगुळीत होता. कमळाकरने तो मुठीत धरला आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. आपल्या घरातून नाही गेली. जाऊच शकत नाही.

मग गेली कुठून? गल्ली एका तोंडाने सांगत होती की लाइट अर्धा मिनिट आली आणि गेली. म्हणजे सबस्टेशनवाल्यांनी वेळेआधी वीज सोडली, आणि बोंब होताच बंद केली. दुसऱ्या दिवशी पाचही घरं वीज कार्यालयावर गेली. सगळ्यांत मोठा आवाज कमळाकरचा होता. बावीस वर्षांत त्याला कुणी ओरडताना ऐकलं नव्हतं. ‘आमच्या पोराचा हात गेला!’ तो ओरडत होता. साहेबांनी यंत्रावरची नोंद दाखवली. एक ते चार, वीज सोडलेलीच नव्हती.

संध्याकाळी पहिला अहवाल आला. परवाना घेतला नाही. टेस्टर लावला नाही. कामगाराचा स्वतःचा निष्काळजीपणा. कंत्राटदाराने हजेरीपटावरून गुरुदत्तचं नाव काढलं. तो कागद टिकला असता तर गुरुदत्तला ना भरपाई मिळणार होती, ना पुन्हा कुठे काम.

गुरुदत्तची बायको दिपिका वॉर्डाबाहेरच्या बाकावर तो कागद घेऊन बसली होती. बावीस-तेवीस वर्षांची. तिने तो कमळाकरच्या हातात दिला.

‘काका, हे खोटं हाय ना? ते सांगतात, तार मेलेली होती. मग मेलेल्या तारंनं बोटं कशी जळतील?’

‘खोटं हाय,’ कमळाकर म्हणाला.

‘मग तुमीच लडा. तुमाला यातलं समजतं. आमचं दुसरं कोन हाय?’

‘तो काय बोलला सायबांना?’

‘त्यांनी विचारलं, टेस्टर लावला का. हे म्हनाले, नाय लावला, माझी चूक झाली. दुसरं कायच बोलत नायत. डोळे मिटून पडतात.’

सुनीता दोन वेळचा डबा द्यायची. कमळाकर तो सकाळ-संध्याकाळ पोचवायचा. औषधं आणायचा. गुरुदत्त त्याच्याकडे पाहायचा आणि मान वळवायचा. दुखतं म्हणून असेल, असं कमळाकर मनाशी म्हणायचा.

पाचव्या माळेला संध्याकाळी देवखोलीत आरती होती. दोन्ही घरं दोन दारांतून आत आली. काशिराम पुढे उभा. चंद्रावती टाळ वाजवत होती. परडीतलं धान चार बोटं वर आलं होतं. कमळाकर मागे उभा राहून टाळ्या वाजवत होता. त्याची नजर सहज वर गेली. बल्बकडे. बल्बला आलेल्या दोन वायरींकडे. काळ्या चिकटपट्टीकडे.

त्याच्या टाळ्या थांबल्या.

आपल्या ओटीवरून वीज या खोलीत. या जोडातून दादाच्या घरात. दादाचा मेन चालू, त्याचा कटाऊट जागेवर. दादाच्या मीटरमधून खांबावर. खांबावरून पाचही घरांत, आणि गुरुदत्तच्या मुठीत.

वाट होती. त्यानेच केली होती. स्वतःच्या घराचं दार त्याने तीन वेळा तपासून बंद केलं होतं, आणि मधली भिंत आधीच फोडून ठेवली होती.

सुनीताने त्याच्यापुढे आरतीचं ताट धरलं. त्याला हात पुढे करता येईना. ‘काय झालं?’ ती म्हणाली. तो ‘कापूर डोळ्यात गेला’ म्हणाला.

आरती झाल्यावर त्याने काशिरामला ओट्यावर गाठलं आणि सगळं सांगितलं. दादाला वायरींतलं काही कळत नव्हतं. पण हे कळलं.

‘कोनाला बोललास?’

‘नाय.’

‘मग बोलू नको. पोरगा जिता हाय. आपन मदत करू. जलमभर करू.’

‘दादा, कागदावर त्याची चूक लिवलीय.’

‘आनि तुझी लिवली तर? बावीस वर्षांची नोकरी जायेल. पोलीस येतील. माझ्या मीटरमधून गेली म्हनतोस ना? मंग मना पन धरतील.’

‘तुझा काय संबंध? मी सांगन, सगलं मीच केलं.’

‘देव घटी बसलेत,’ काशिराम म्हणाला. ‘दसरा होईस्तवर त्या खोलीत कोनी वर चढायचं नाय. सायेब येवो नायतर मंत्री. घट उठू दे, मंग बघू.’

दुसऱ्या दिवशी कमळाकरने झालं ते लिहून अर्ज दिला. हा त्याचा वीज कार्यालयातला तिसरा अर्ज. याला उत्तर लगेच आलं.

सातव्या माळेला सकाळी अकरा वाजता तपासणी करायला विद्युत निरीक्षक अरुंधती गोखले आल्या. पन्नाशीच्या, कॉटनच्या साडीवर बूट घातलेल्या. त्यांनी अर्ज दोनदा वाचला होता. ‘तुम्ही लिहिलंय तसं झालं असेल तर ते इथे परत करून दाखवता आलं पाहिजे,’ त्या म्हणाल्या. ‘नाहीतर ही नुसती थिअरी आहे.’

गल्ली दारांत उभी होती. दुसऱ्या लाइनमनने वीज बंद करून घेऊन जंपर सोडला, टेस्टर लावला, गल्लीच्या तारेला एक बल्ब टांगला आणि खाली उतरून लांब उभा राहिला. कमळाकरने मेन बंद केला. कटाऊट काढला. तो कुठे ठेवावा हे त्याला कळेना. शेवटी त्याने तो गोखलेबाईंच्या हातात दिला. मग पिन लावली.

इन्व्हर्टर हलकाच घुमला.

‘लागला का?’ बाईंनी विचारलं.

‘नाय, मॅडम.’

कमळाकरने पिन काढून पुन्हा लावली.

‘नाय.’

दारादारांतून श्वास सुटला. समोरची म्हातारी हौसा हात जोडून म्हणाली, ‘बघा, म्हनलं नवतं? आमचा कमळाकर असला नाय.’

बाईंनी चष्मा काढला. ‘गोवारी, तुम्हाला धक्का बसलाय. माणूस स्वतःला दोष देतो अशा वेळी. तुमचा मेन बंद होता. मला यात तुमची चूक दिसत नाही.’

एवढंच ऐकायला तो चार दिवस तडफडला होता. आता तेच एक अधिकारी बाई बोलत होत्या, सगळ्या गल्लीसमोर. त्याने ‘बरं’ म्हटलं असतं तर काम झालं होतं. त्याने दादाकडे पाहिलं. काशिराम जमिनीकडे बघत होता.

कमळाकरने पिन उपसली, चपला काढल्या आणि तो देवखोलीत गेला.

वर चिकटपट्टीचं टोक लोंबत होतं. जोड तोडलेला होता. दोन वायरी दोन बाजूंना वाकवलेल्या. बल्बला फक्त दादाकडची वीज राहिली होती. तोडलेल्या टोकांना तांबं लालबुंद चमकत होतं. तांबं आठवड्यात काळवंडतं. हे कालचं होतं, फार तर परवाचं. खाली परडीतलं धान एका बाजूला आडवं झालं होतं. कडेची माती सांडली होती. कुणाचा तरी पाय लागला होता.

चंद्रावतीला त्या उंचीवर हात पुरला नसता. सुनीताला यातलं ठाऊकच नव्हतं. नऊ दिवस अनवाणी राहणारा, एक वेळ जेवणारा, देवाच्या डोक्यावर पाय नको म्हणणारा त्याचा थोरला भाऊ पक्कड घेऊन इथे चढला होता.

बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनीही वर पाहिलं. त्यांनाही तांब्यातलं कळत होतं.

‘हे कुणी कापलं?’

‘मी,’ कमळाकर म्हणाला. ‘अर्ज दिला आनि घाबरलो. काल कापलं.’

‘अर्ज देऊन मग पुरावा तोडलात?’

‘व्हय.’

बाईंनी त्याच्याकडे थोडा वेळ पाहिलं. मग मागे काशिरामकडे. ‘जोडा,’ त्या म्हणाल्या.

त्याने स्टूल आणलं. आधी बाहेर जाऊन दादाचाही मेन बंद केला. मग वर चढला. चंद्रावतीने पदर तोंडावर घेतला. त्याने वायरी सोलल्या, एकत्र पिळल्या, पट्टी गुंडाळली. घट बसायच्या सकाळी जेवढा वेळ लागला तेवढाच लागला. उतरून दादाचा मेन चालू केला. ओटीवर येऊन पिन लावली.

इन्व्हर्टर जड घुमला.

‘लागला!’ लाइनमन ओरडला.

काशिरामच्या घरातला पंखा फिरत होता. हौसा आत निघून गेली.

बाई ओट्यावर बसून लिहायला लागल्या. बराच वेळ लिहीत होत्या. मग मान वर न करता म्हणाल्या, ‘शेवटचं. गाडी जोडलेली आहे हे त्या मुलाला माहीत होतं?’

कमळाकर उभा राहिला. खरं सांगायचं म्हणून तो इथवर आला होता. खरं सांगितलं तर त्या कागदावर पुन्हा गुरुदत्तचंच नाव चढणार होतं. माहीत असून तारेला हात लावला. माहीत असून टेस्टर लावला नाही.

‘नाय,’ तो म्हणाला. ‘त्याला ठाऊक नवतं. खांबावरून गाडी दिसत नाय.’

बाई उठल्या. खांबाच्या बुडाशी गेल्या. तिथून त्यांनी ओटीकडे पाहिलं. डबी समोरच उभी होती. परत येऊन त्यांनी काय लिहिलं ते कमळाकरला वाचता आलं नाही. त्यांनी बोट ठेवलं तिथे त्याने सही केली. गाडीला सील लागलं. त्याचा वायरमनचा परवाना त्यांनी पाकिटात घातला. पोलीस ठाण्यात दुसऱ्या दिवशी हजर व्हायचं होतं.

सगळे गेल्यावर काशिराम जवळ आला. त्याचा आवाज बसला होता.

‘मी देवाच्या डोक्यावर पाय देला, कमळ्या. तुझ्यापायी.’

‘ठाऊक हाय, दादा.’

‘आनि तू तो पाय वाया घालवलास.’

तो आत गेला. त्याने आपल्या बाजूचं देवखोलीचं दार ओढून घेतलं. आतून कडी लावल्याचा आवाज आला. त्या दाराला कडी आहे हे कमळाकरला त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी तो डबा घेऊन दवाखान्यात गेला. रिक्षाने. वाटेत त्याने दिपिकाला काय सांगायचं ते जुळवलं. आधी अहवाल बदलेल हे सांगू. भरपाईचा अर्ज आता अडणार नाही हे सांगू. मग बाकीचं.

दिपिका वॉर्डाच्या दारात उभी होती. तिने त्याला जिन्यावरून येताना पाहिलं. पण रोजच्यासारखी पुढे आली नाही. ती जागची हलली नाही हे पाहूनच त्याला कळलं की बातमी आधी पोचली आहे.

‘खरं हाय?’ तिने विचारलं.

‘व्हय.’

‘पहिल्या दिवशी म्हाईत होतं?’

‘नाय. पाचव्या माळेला समजलं.’

‘मंग सहावी माळ. सातवी माळ. तुमी इथं येत होतात. मी तुमाला चा पाजत होते.’ ती हळू बोलत होती, आत आवाज जाऊ नये म्हणून. ‘यांना समजलं होतं, काका. पहिल्याच दिवशी. खांबावरून पडतानाच समजलं असंल. तरी बोलले नायत. मला पन आज बातमी आल्यावरच सांगितलं. का माहितीय? तुमची नोकरी जायेल म्हनून.’

कमळाकरच्या हातात डबा तसाच होता. त्याने तो पुढे केला. तिने घेतला नाही.

‘कागद आता बदलंल,’ तो म्हणाला. ‘त्याचं नाव निघंल.’

‘निघू दे.’

‘मी त्याला एकदा…’

‘डबा उद्यापासून आनू नका,’ दिपिका म्हणाली. ‘माझी आई येनार हाय.’

आतून गुरुदत्तने हाक मारली. त्याला बाहेरचे आवाज ऐकू गेले असावेत. ‘कोन हाय गं? काका आलेत का?’

दिपिकाने मागे वळून पाहिलं. मग कमळाकरकडे पाहिलं. तो तिच्यापासून दोन हातांवर उभा होता.

‘नाय,’ ती आत म्हणाली. ‘काका गेले.’

कमळाकरने डबा बाकावर ठेवला, पुन्हा उचलला, आणि जिना उतरला.